मोबाइलची कुंडली

नातेवाइकांकडे वाढदिवसाला गेलं की तोंड फक्त जेवायला उघडावं. हे मला पाठ आहे. पण साडूंनी आपला नवा फोन ताटाशेजारी अशा बेताने पालथा ठेवला, की त्याच्या पाठीवरचे तिन्ही कॅमेरे थेट माझ्याकडे बघू लागले. किंमत त्यांनी स्वतः सांगितली नाही, मेहुणीकडून वदवून घेतली. माझ्या पोटात जे उठलं ते बासुंदीमुळे नव्हतं. आणि चारचौघांत पोटदुखीला तत्त्वाचं अंगडं-टोपडं घालावंच लागतं. मी घसा खाकरला आणि म्हणालो, "फोन छानच आहे हो. पण यात काँगोतल्या माणसांचं रक्त आहे, याची कल्पना आहे ना?"

पंगतीतले चमचे थांबले. वाढदिवस सात वर्षांच्या मुलीचा होता.

त्याच आठवड्यात मी या विषयावर थोडंफार वाचलं होतं, त्यामुळे तिथे थांबणं शक्यच नव्हतं. मी सांगितलं की फोनमध्ये टँटलम असतं आणि ते कोल्टन नावाच्या काळपट खनिजातून निघतं. जोडकामाला कथिल लागतं, फोन थरथरतो तो टंगस्टनच्या इवल्याशा वजनामुळे, आणि वर सोन्याचा मुलामा असतो. ही चारही खनिजं पूर्व काँगोत सापडतात आणि त्यांच्यावर बंदूकधारी टोळ्या पोसल्या जातात. उत्तर किवू प्रांतात रुबाया नावाचं गाव आहे. तिथल्या डोंगरांतून जगातलं सुमारे 15 टक्के कोल्टन निघतं, आणि तेही बहुतांशी फावड्याने, हाताने. 2024 च्या एप्रिलअखेरीस एम-23 या बंडखोर गटाने रुबाया घेतलं. तिथल्या कोल्टनवर वसूल केलेल्या करातून त्यांना महिन्याला आठेक लाख डॉलर मिळतात, असं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी नोंदवलंय. 2025 च्या जानेवारीत त्यांनी गोमा शहरच घेतलं, फेब्रुवारीत बुकावू.

साडूंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग माझ्या शर्टाच्या खिशाकडे बोट दाखवून म्हणाले, "आणि हा कुठल्या झाडाला लागला होता?"

पंगत हसली. जिचा वाढदिवस होता तीसुद्धा हसली. "आणून दाखवा की एक बिनरक्ताचा!" साडू म्हणाले. त्यावर सौभाग्यवतींनी भर घातली, "आणतील, आणतील. कोथिंबीर आणायला सांगितली तर विसरतात, पण हे आणतील."

माझा फोन तेव्हा शेवटच्या घटका मोजत होता. स्क्रीनचा खालचा भाग बोटाला दाद देत नव्हता, आणि चार्जरची पिन एका विशिष्ट कोनात उशीखाली दाबून धरली तरच तो चार्ज व्हायचा. म्हणजे नवा घ्यायचाच होता. फक्त आता तो निष्कलंक हवा होता.

दुकानातल्या मुलाला मी विचारलं, "यात टँटलम कुठलं आहे?"

"टायटॅनियम, काका. कडेला टायटॅनियम आहे."

"टायटॅनियम नव्हे, टँटलम. कपॅसिटरमधलं. ते काँगोतलं आहे का?"

त्याने खोक्याची मागची बाजू वाचली. "असेंबल्ड इन इंडिया आहे, काका," तो मोठ्या आनंदाने म्हणाला आणि टेम्पर्ड ग्लास फुकट देऊ केली. मी खाणीबद्दल विचारल्यावर त्याने आतून मॅनेजरला बोलावलं. मॅनेजरने मला ईएमआयचा तक्ता दिला.

मग मी कंपनीला ई-मेल केला. उत्तर आलं. उत्तरात माझ्या जागरूकतेचं कौतुक होतं आणि एका अहवालाची लिंक होती. अमेरिकेच्या शेअर बाजारात नोंदलेल्या आणि ही खनिजं वापरणाऱ्या कंपन्यांना 2010 च्या डॉड-फ्रँक कायद्याच्या 1502 व्या कलमामुळे दरवर्षी 31 मेपर्यंत हिशेब द्यावा लागतो. मी चष्मा पुसून वाचायला बसलो. आम्ही आमच्या पुरवठादारांना प्रश्नावली पाठवली, त्यांनी त्यांच्या पुरवठादारांना पाठवली, असं करत करत अहवाल धातू गाळणाऱ्या भट्ट्यांपर्यंत पोचला. तिथे भट्ट्यांची लांबलचक यादी होती. अडचण अशी, की दहा ठिकाणचं खनिज एकदा भट्टीत वितळलं, की त्याला गाव, तालुका काही उरत नाही. शेवटी कंपनीने म्हटलं होतं, की सशस्त्र गटांना पैसा पोचला असं मानायला वाजवी कारण आम्हाला आढळलं नाही. मुलगा पितो का, असं विचारल्यावर मुलाच्या मामाने "आमच्या तरी कानावर नाही" म्हणावं, त्यातला प्रकार.

बरं, सुरुवातीचा नियम याहून कडक होता. ज्यांचं उत्पादन संघर्षमुक्त ठरलेलं नाही त्यांनी तसं स्वतःच्या तोंडाने जाहीर करायचं, असं त्यात होतं. 2014 साली वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने सांगितलं, की हे बोलायला लावणं म्हणजे कंपनीच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर घाला आहे. अभिव्यक्तिस्वातंत्र्यात न बोलणंही येतं हे मला त्या दिवशी कळलं. वाढदिवसाच्या पंगतीआधी कळलं असतं तर बरं झालं असतं.

नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हनला माझा भाचा असतो. त्याला फोन लावला. ॲमस्टरडॅमची फेअरफोन नावाची कंपनी 2013 पासून असा निष्कलंक फोन बनवण्याच्या मागे आहे, एवढं मला माहीत होतं. "मामा, तो भारतात विकत नाहीत," तो म्हणाला. "मी आणेन, पण बिघडला तर तिकडे उघडणार कोण? आणि हा फोन शंभर टक्के स्वच्छ आहे, असं ते स्वतःसुद्धा म्हणत नाहीत."

"मग काँगो टाळतात तरी का?"

"उलट. मुद्दाम काँगोतून घेतात."

हे मला पचेना, म्हणून त्या रात्री पुन्हा वाचत बसलो, आणि पंगतीतलं माझं भाषण किती स्वस्तातलं होतं ते ओळीओळीला कळत गेलं. डॉड-फ्रँकला काँगोतली माणसं 'ओबामाचा कायदा' म्हणू लागली, ती काही प्रेमाने नव्हे. कायदा येताच त्याच वर्षी सप्टेंबरात काँगोचे अध्यक्ष कबिला यांनी पूर्वेकडच्या खाणकामावर बंदी घातली. ती पुढच्या मार्चमध्ये उठली, पण तोवर मोठे खरेदीदार "काँगोचं नावच नको" म्हणून दुसरीकडे वळले होते. खड्ड्यात उतरून पोट भरणाऱ्यांचा रोजगार गेला, आणि बंदूकवाल्यांपाशी सोनं होतंच. ते खिशातूनही देशाबाहेर नेता येतं. पुढे खनिजाच्या पोत्यांना खाणीचा टॅग लावायची पद्धत आली. मग टॅगच विकत मिळू लागले. रुबायाचा माल रवांडात जाऊन तिथल्या मालात मिसळतो आणि रवांडाचा म्हणून निघतो, असंही संयुक्त राष्ट्रांचे तज्ज्ञ लिहितात. शिवाय तिथली भांडणं काही मोबाइलने लावलेली नाहीत. जमिनीचे, जमातींचे, 1994 च्या रवांडातल्या नरसंहारानंतर सरहद्द ओलांडून आलेल्यांचे हिशेब आधीचेच आहेत. खनिजांनी त्यांना खर्चायला पैसा दिला.

आणि त्याच वाचनात भेटले बुकावूचे डॉक्टर डेनिस मुकवेगे. 1999 साली त्यांनी पांझी रुग्णालय सुरू केलं ते बाळंतपणांसाठी, पण दाराशी येऊ लागल्या त्या लढाईत हत्यार म्हणून केलेल्या बलात्कारांत शरीर फाटलेल्या बायका. अशा हजारो जणींवर त्यांनी उपचार केले. 2018 चं शांततेचं नोबेल स्वीकारताना त्यांनी समोरच्या सभ्य श्रोत्यांना त्यांच्या खिशातल्या स्मार्टफोनची आठवण करून दिली होती. मीही साडूंना तेच सांगितलं म्हणायचं. फक्त माझ्या हातात बासुंदीची वाटी होती.

निष्कलंक फोन मिळत नाही म्हटल्यावर उरला एकच मार्ग, आहे तोच दुरुस्त करायचा. मी पुण्यातली तपकीर गल्ली गाठली. खोक्याएवढं दुकान, त्यात एक तरुण मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलेला. त्याने माझा फोन उघडला आणि म्हणाला, "बोर्ड शॉर्ट आहे, काका."

मी लगेच विचारलं, "टँटलम दाखवाल का?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. गिऱ्हाइकं त्याने नाना प्रकारची पाहिली असावीत. पण मुलगा भला होता. एका मेलेल्या लॅपटॉपचा बोर्ड त्याने भिंगाखाली सरकवला. तांदळाच्या दाण्याहून लहान, पिवळी, चौकोनी वीट, आणि तिच्या एका टोकाला तपकिरी पट्टा. "पट्टा म्हणजे प्लस. उलटा बसवला की फटाका," तो म्हणाला. चिमट्याने एक सोडवून त्याने माझ्यासमोर कागदावर ठेवला. ज्याच्यासाठी एवढं वाचलं ते असं नखाच्या टोकाएवढं पाहून मी गहिवरलो, वाकलो, मागे रांगेत उभ्या असलेल्यांना रुबायाची हकिगत सांगू लागलो, आणि ऐन रंगात गल्लीच्या नावाला जागून मला सणसणीत शिंक आली.

टँटलम गेलं. त्याबरोबर माझ्या फोनचे काढून ठेवलेले स्क्रूही गेले. नंतर बराच वेळ मी, तो मुलगा आणि रांगेतले एक सद्गृहस्थ गुडघ्यांवर बसून टॉर्च लावून फरशी धुंडाळत होतो. रांगेतल्या एक बाई म्हणाल्या, "काय हरवलंय? सोनं का?" सद्गृहस्थांनी सांगितलं, "नाही हो, काँगोचं काहीतरी आहे."

स्क्रू सापडले. टँटलम अजून त्या दुकानातच कुठेतरी असणार.

फोन मात्र चालू झाला. स्क्रीन बदलली, पिन बदलली, बोर्डावरचा एक पार्टही बदलला. मी आपलं सवयीने विचारलं, "हा पार्ट कुठला?"

"दिल्लीचा."

"दिल्लीला कुठून आला?"

"ते दिल्लीवाल्याला माहीत. त्याला पण माहीत नसेल." त्याने फोन पुसून माझ्या हातात दिला. "पक्कं बिल पाहिजे का, काका? जीएसटी पडेल. अठरा टक्के."

मागे रांग उभी होती. मी आवाज जरा खाली आणला आणि म्हटलं, "कच्चं चालेल."