रिटर्न्स व्हॉइड

नागपूरच्या आयटी पार्कात भाऊंना काम सांगा, ते होतं. झालं की नाही, हे मात्र भाऊ सांगत नाहीत. 'भाऊ, जुने लॉग साफ केले का जी?' असं विचारलं तर ते तर्री-पोह्यांवर लिंबू पिळत राहतात. लॉग केव्हाच साफ झालेले असतात.

तरुणपणी भाऊ ओरॅकलवर होते. तिथला कायदा कडक. फंक्शनने काहीतरी परत द्यायलाच हवं. हात हलवत आलं की ओआरए-०६५०३ अंगावर येतो. द्यायचं नसेल तर गुमान प्रोसिजर लिहा. पुढे पोस्टग्रेस भेटलं आणि भाऊंना माहेर मिळालं. फंक्शनच्या माथ्यावर 'रिटर्न्स व्हॉइड' लिहिलं की हिशेब मागणारं कोणी नाही. सिलेक्टने हाक मारली तर एक ओळ येते, तिचा रकाना कोरा. २०१८ साली अकराव्या आवृत्तीत पोस्टग्रेसनेही प्रोसिजर आणली. कॉलने बोलवायची, शिवाय आतल्या आत कमिटही करणारी. पोरं हरखली. भाऊ म्हणाले, 'चालून राह्यलं ना बे, मग कायले हात लावतो?' त्या वर्षातलं त्यांचं हे सर्वांत लांब भाषण.

एकदा नव्या पोराने आपल्या फंक्शनमधून भाऊंचं फंक्शन सिलेक्टने बोलावलं. पीएल/पीजीएसक्यूएल अडून बसलं: आलेलं उत्तर ठेवू कुठे? पोरगं दुपारभर व्हेरिएबल शोधत होतं. भाऊ आले, सिलेक्ट खोडून परफॉर्म लिहिलं, गेले. परफॉर्म म्हणजे काम करून घ्यायचं आणि उत्तराकडे बघायचं नाही. वहिनी घरी हेच करतात. 'संत्री आणली का?' असं त्या विचारत नाहीत, पिशवी उघडून बघतात.

भाऊ गप्प म्हणजे सगळं ठीक. बिनसलं तर मात्र रेझ एक्सेप्शन, अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असं, आणि तोवरचं सगळं रोलबॅक.

मग पुण्याहून नवे साहेब आले. प्रत्येक फंक्शनने उत्तर दिलंच पाहिजे, असा त्यांचा हुकूम. विचारायचंच होतं तर डिलीटनंतर किती ओळी गेल्या ते विचारायचं. त्यासाठी गेट डायग्नोस्टिक्समध्ये रो-काउंट आहे. पण साहेबांना हो की नाही एवढंच हवं होतं. भाऊंनी एका संध्याकाळी सगळे व्हॉइड काढून बूलियन केले आणि प्रत्येक फंक्शनच्या शेवटी एकच ओळ टाकली: रिटर्न ट्रू. आता एकही ओळ हलली नाही तरी साहेबांच्या पडद्यावर ट्रू उमटतं. साहेब खूश आहेत. अप्रेझलमध्ये 'संवादकौशल्यात लक्षणीय सुधारणा' असा शेरा आला.

सवय घरापर्यंत गेली. परवा वहिनींनी सहज विचारलं, 'सिलिंडरचा नंबर लावला का जी?'

भाऊ चक्क 'हो' म्हणाले.

वहिनींनी ताबडतोब फोन उचलला आणि स्वतः नंबर लावला.