मला नापास करा

पीयूसीवाले दादा यांस,
मुक्काम : एस. व्ही. रोड, सांताक्रूझ (प.), पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यातली व्हॅन



काल तुम्ही माझ्या बाइकच्या नंबरप्लेटचा फोटो काढलात, ५० रुपये घेतलेत आणि सर्टिफिकेट हातात ठेवलंत. सायलेन्सरमध्ये घालायची नळी व्हॅनच्या दाराला लटकत होती, ती हललीसुद्धा नाही. इंजिन बंद, चावी माझ्या खिशात. तरी कागदावर कार्बन मोनॉक्साइड ०.२८ टक्के! रोग्याला न बघता नाडी सांगणारे वैद्यसुद्धा दशांश चिन्हापर्यंत जात नसत.

गाडी २०१४ ची, बीएस-३. तिला साडेतीन टक्क्यांपर्यंत मुभा आहे. वाकोल्याचा पूल चढताना ती निळा धूर सोडते, हे मागच्या रिक्षावाल्यानं मला माझ्या मातोश्रींचा उल्लेख करून कळवलंय. रिंगा गेल्यात का, मेकॅनिककडे न्यावी का, एवढंच मला हवं होतं. दादा, मी नापास व्हायला आलो होतो!

तशी नळी घातली असती तरी तुम्ही कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन एवढंच मोजणार, तेही गाडी न्यूट्रलमध्ये उभी करून. नायट्रोजनची ऑक्साइडं आणि सूक्ष्म कण दुचाकीच्या पीयूसीत बसत नाहीत, फुप्फुसात बसतात. उभ्या गाडीच्या चाचणीला मात्र मी नावं ठेवणार नाही. संध्याकाळी मिलन सबवेच्या रांगेत सगळ्या बाइक तुमच्या नियमाबरहुकूमच उभ्या असतात.

पीयूसी नसेल तर कायद्यात १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. धूर असेल आणि कागदही असेल, तर हवालदारही 'जा' म्हणतो.

दिल्लीत एकाच पीयूसी केंद्रावर एकाच वेळी एकाहून जास्त गाड्या तपासल्याच्या नोंदी 'कॅग'ला सापडल्या. तिथं निदान हिशेब तपासायला कुणीतरी गेलं. इथं कोण येणार? तुमच्या टेबलावर आमच्या श्वासाचे आकडे मनाने टाइप होतात, आणि लाज कुणालाच वाटत नाही. नळी घाला हो! आकडा काय यायचा तो येऊ दे, पण नळी घाला!

माहीत आहे, एकाला नापास केलंत तर तो पुढच्या पंपावर जाऊन पास होणार आणि तुमचे ५० रुपये बुडणार. वर दिवसभर सगळ्यांच्या सायलेन्सरसमोर तुम्हीच बसता, पत्र्याच्या डब्यात, साध्या रुमालानिशी. तुमचा खोकला मी काल ऐकला. त्याचं सर्टिफिकेट कोण देणार?

सहा महिन्यांनी येतो, गाडी गरम करून. मशीनही चालू ठेवा. १०० देईन, पण एकदा नापास करा.

आपला,
०.२८ टक्के