व्हेकन्सी

त्याचं खरं नाव वेगळं आहे, पण विद्यापीठाच्या कॅन्टीनमध्ये त्याला ‘व्हेकन्सी’ अशीच हाक मारतात आणि तो ओ देतो. मूळचा बार्शीचा. प्राणिशास्त्रात एमएस्सी, पहिल्याच फटक्यात सीएसआयआर-नेट निघाली, तीही जेआरएफसकट. म्हणजे पीएचडी करायला सरकार त्याला पहिली दोन वर्षं महिना 37,000 आणि पुढे 42,000 रुपये द्यायला तयार आहे, घरभाडं वेगळं. पत्र हातात आहे, पत्राला मुदतही आहे. फक्त पैसे सुरू व्हायचे तर कुठेतरी रुजू व्हावं लागतं, आणि रुजू व्हायला गाईड लागतो. “सरकार देतंय तर घेत का नाहीस रे?” असं आई दर रविवारी फोनवर विचारते. त्यावर तो नुसता “हो, हो” म्हणतो.

यूजीसीच्या 2022 च्या नियमांप्रमाणे प्राध्यापकाकडे एका वेळी 8 विद्यार्थी, सहयोगी प्राध्यापकाकडे 6, सहायकाकडे 4. शिवाय निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरली असतील तर नवा विद्यार्थी घ्यायचा नाही. परिणामी पुण्यातल्या जीवशास्त्राच्या यच्चयावत मास्तरांच्या जन्मतारखा व्हेकन्सीला तोंडपाठ आहेत. कुणाचा वाढदिवस आला की लोक शुभेच्छा देतात. हा मनातल्या मनात वजाबाकी करतो. त्याच्याकडे एक लांब वही आहे. तीत मास्तरांची नावं, भरलेल्या जागा, कोणाचा विद्यार्थी सबमिशनला आलाय, कोण नुसताच ‘लिहितोय, लिहितोय’ म्हणतोय, सगळं नोंदलेलं. इतकं चिकाटीचं फील्डवर्क मी आमच्या विभागात मान्य झालेल्या काही प्रबंधांतही पाहिलेलं नाही.

शोधनिबंध तो वाचतो, पण शेवटून. आधी आभार. पैसा कोणाचा, प्रकल्प कोणत्या साली सुरू झाला, कोणी ‘तांत्रिक मदत’ करून गपचूप निरोप घेतला, हे तिथे कळतं. “प्रोजेक्टवर कधी जाऊ नकोस,” असं तो ज्युनियरांना बजावतो. “प्रोजेक्ट तीन वर्षांचा, पीएचडी पाचाची. मधली दोन वर्षं काय सरांच्या घरी जेवणार?” सल्ला अगदी बरोबर आहे. एक मुलगी तो ऐकून फेलोशिप घेऊन बंगळुरूला रुजूसुद्धा झाली. हा अजून सल्ले देतोय.

विषयाचं म्हणाल तर त्याची हरकत कशालाच नाही. सकाळी आघारकर संस्थेत गेला तर लहानपणापासून त्याला बुरशीचं आकर्षण असतं. दुपारी एनसीसीएसच्या फाटकातून आत शिरेपर्यंत ते पेशींवर सरकलेलं असतं. संध्याकाळी पाषाणला कोणी भेटणार असेल तर बसमध्ये तो न्यूरॉन्सची उजळणी करतो. एका मॅडमनी सरळ विचारलं, “तुला स्वतःला नक्की कशात रस आहे?” हा जरा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “मॅडम, तुमच्याकडे सहापैकी किती भरल्यात?” प्रश्न उद्धट होता हे कबूल, पण गैरलागू होता असं मला वाटत नाही.

त्याचं खरं कार्यक्षेत्र म्हणजे व्हायव्हा. पीएचडीची तोंडी परीक्षा खुली असते, आणि गावात कुठेही ती असली की तिसऱ्या रांगेत व्हेकन्सी हजर. उमेदवाराचे आईवडील नव्या कपड्यांत बसलेले असतात, पहिल्या रांगेत रेफरी, मागे सामोशांचा वास. हा उमेदवाराकडे अतिशय प्रेमाने बघतो. त्याच्या यशाची इतकी मनापासून इच्छा त्याच्या आईलाही नसेल. एकदा गांडुळांवरचा व्हायव्हा होता. सगळं उरकलं आणि अध्यक्षांनी रीतीप्रमाणे विचारलं, “सभागृहातून कोणाला काही प्रश्न?” एरवी अशा वेळी सगळे चपलांकडे बघतात. व्हेकन्सी उठला. गाईड कौतुकाने पुढे झुकले.

“सर, यांचं नोटिफिकेशन साधारण कधी निघेल?”

उमेदवार हसला, रेफरी हसले, गाईड मात्र हसले नाहीत. ती जागा त्यांनी दुसऱ्यालाच दिली.

शेवटी पत्राची मुदत संपत आली असताना त्याचं जमलं. जिल्ह्याच्या एका कॉलेजातून नुकतेच आलेले सहायक प्राध्यापक, गाईड म्हणून मान्यता ताजी, चारही जागा रिकाम्या. हा पहिला. विषय डासांचा मिळाला. लहानपणापासून त्याला तेच आवडायचे. फेलोशिप अजून खात्यावर पडलेली नाही, त्यामुळे तो आता लेखा विभागाच्या बाकावर बसतो आणि तिथल्या बाईंना ‘मावशी’ म्हणतो.

परवा एक मुलगा लांब वही घेऊन त्याच्याकडे आला. “दादा, सरांकडे जागा आहे का?” व्हेकन्सीने आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. “विचारून बघ. पण त्यांची निवृत्ती जवळ आलीय असं ऐकतो.”

सर चौतीस वर्षांचे आहेत.