गुप्ततेचा जाहीरनामा

ब्रिटनचे संरक्षण मंत्रालय शत्रूपासून गुपिते राखण्यात तरबेज असावे. अडचण येते ती स्वतःच्या आउटबॉक्सपासून राखताना. काबूल तालिबानच्या हाती पडून महिना झाला होता. ब्रिटिश सैन्यासाठी काम केलेले अनेक अफगाण जीव मुठीत धरून बसले होते. अशा वेळी, २० सप्टेंबर २०२१ रोजी, मंत्रालयाने त्यांना मदतीचा ई-मेल धाडला. २४५ पत्ते 'टू'च्या रकान्यात, एकाखाली एक. ५५ जणांचे छोटे फोटोही सोबत, म्हणजे ओळख पटवताना कुणाची गैरसोय नको! दोघांनी 'रिप्लाय ऑल' केले. एकाने तर आपला ठावठिकाणाही कळवला. मग मंत्रालयाने तातडीने सल्ला दिला: मेल पुसा, पत्ता बदला. निस्तरण्याचे काम अशा रीतीने पीडितांकडे वर्ग झाले.

धडा मिळाला नव्हता असे नाही. २०१५ मध्ये लंडनच्या '५६ डीन स्ट्रीट' क्लिनिकने एचआयव्ही सेवांचे वार्तापत्र ७८१ जणांना असेच पाठवले होते. ७३० पत्त्यांत पूर्ण नावे होती. त्याबद्दल १ लाख ८० हजार पौंड दंड झाला.

मंत्रालयाचा दंड आधी दहा लाख पौंड ठरला आणि कमी होत होत साडेतीन लाखांवर आला. तो सरकारी तिजोरीतून निघून सरकारी तिजोरीतच पोहोचला. पत्ते एकमेकांपासून लपवणारा 'बीसीसी'चा रकाना मात्र फुकट होता. सरकारी खात्यात फुकटच्या वस्तूला कोण विचारतो? तिचे टेंडरच निघत नाही.