चौथी सीट

लोकलच्या सेकंड क्लासचं बाकडं तिघांसाठी असतं. चौथा बसतो तो तिघांच्या मेहेरबानीवर. अर्धी मांडी बाकावर, उरलेली हवेत, एक पाय पॅसेजमध्ये रोवलेला. बसलेला कमी, टेकलेला जास्त. डोंबिवली ते व्हीटी अशी छत्तीस वर्षं मी केली. माणसाबद्दल जे काही कळलं, ते बहुतेक या वीतभर जागेत कळलं.

‘जरा सरका’ म्हटलं की खिडकीवाला मुंब्र्याचा डोंगर पाहू लागतो. मधला सुस्कारा सोडतो, बूड अर्धा इंच उचलतो आणि पुन्हा अगदी तिथंच ठेवतो. तिसरा नुसता चेहरा करतो. सरकलेलं कुणीच नसतं, पण सरकण्याचा विधी यथासांग पार पडलेला असतो. गंमत म्हणजे एवढ्यावर चौथा मावतो!

१६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, तेव्हा चौदा डब्यांत चारशे पाहुणे होते म्हणे. डब्यामागे अठ्ठावीस-एकोणतीस. आज तेवढे दारात लटकतात. त्या पाहुण्यांत कुणी कुणाला ‘सरका’ म्हटलं असेल का, हा मला उगाच पडणारा प्रश्न.

उभा असेतो माणूस समतावादी असतो. चार बोटं सरकले तर यांचं काय जातं, असं त्याला मनापासून वाटतं. ठाण्याला कुणी उतरून तिसरी जागा मिळाली, की त्यालाच पुढं चढणाऱ्यांची गर्दी फार वाटायला लागते. माझी स्वतःची समता मुलुंडपर्यंत टिकल्याचं आठवत नाही.

परतीच्या गाडीत ‘कुठं उतरणार?’ असं कुणी विचारलं, तर ती आपुलकी समजू नये. ते आगाऊ बुकिंग असतं. ‘घाटकोपर’ म्हणावं, तर विचारणाऱ्याचा चेहरा साखरपुडा ठरल्यासारखा फुलतो. एकदा थट्टेनं ‘कर्जत’ म्हणालो. तो गृहस्थ डोंबिवलीपर्यंत माझ्याशी बोलला नाही, आणि मी डोंबिवलीला उठलो तेव्हा तर फारच वाईट बोलला.

आता निवृत्त आहे. संध्याकाळी बागेत जातो. परवा रिकाम्या बाकावर टेकलो, तर ही म्हणाली, “अहो, असे कडेला काय बसलात? अख्खं बाकडं मोकळं आहे.”

पाहिलं, तर एक पाय वाटेत रोवलेला होता.