फॉरमॅट मारण्याआधी

घरचा कॉम्प्युटर सारखा बंद पडतोय म्हणून दुकानात फोन करा. पलीकडून ठरलेलं उत्तर येतं : ‘फॉरमॅट मारावा लागेल.’ मशीन कुणी उघडलेलं नसतं. पंखा फिरतोय का, हे पाहिलेलं नसतं. बंद पडताना पडद्यावर काय आलं, हेही विचारलेलं नसतं. वर दिलासा मिळतो, ‘फक्त सी ड्राइव्ह उडवतो, डीमधलं सगळं राहील.’

हा दिलासा फसवा आहे. डेस्कटॉप सी ड्राइव्हवर असतो. डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स हेही सीवरच. मुंजीचे फोटो, सोसायटीच्या मेंटेनन्सची एक्सेल, मुलीचा प्रोजेक्ट, आजोबांनी एका बोटाने टाइप केलेल्या आठवणी हे सगळं घरातली माणसं डोळ्यांसमोर दिसेल अशा जागी ठेवतात, आणि नांगर नेमका तिथेच फिरतो. छोट्या दुकानदाराचा टॅलीचा डेटाही बहुधा सीवरच पडलेला असतो.

गेलेलं परत मिळेल या भरवशावरही राहू नका. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर घाईघाईने फॉरमॅट झालं, तरी मूळ मजकूर काही काळ जागेवर असायचा. त्यावर नवं काही लिहिलं गेलं नसेल तर तो काढता यायचा. आताच्या एसएसडीत ‘ट्रिम’ नावाची सोय असते. मोकळी झालेली जागा ड्राइव्ह स्वतःच साफ करून टाकतो. मग रिकव्हरीवाल्याकडूनही हात हलवत परत यावं लागतं.

मशीन मूळ फॅक्टरी अवस्थेत नेणं हा उपाय चांगलाच आहे. पण तो शेवटचा. आधी निदान झालं पाहिजे, आणि ते मागण्याचा आपला हक्क आहे.

कॉम्प्युटर बंद पडतो त्यात विंडोजचा दोष असतोच असं नाही. गेम किंवा व्हिडिओ कॉल सुरू केल्यावर थोड्या वेळाने मशीन धाडकन बंद होत असेल, तर आधी उष्णतेकडे पाहावं. प्रोसेसरवरच्या हीटसिंकच्या पात्यांत धुळीचा थर बसतो, खालची थर्मल पेस्ट वाळते, आणि तापमान मर्यादेपलीकडे गेलं की मशीन स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतं. अशा मशीनवर विंडोज कितीदाही नव्याने टाका, ते बंद पडतच राहील. डेस्कटॉप कुठल्याही कामात, काही एरर न दाखवता एकदम रीस्टार्ट होत असेल तर एसएमपीएसवर, म्हणजे आतल्या वीजपुरवठ्याच्या डब्यावर संशय घ्यायचा, विशेषतः व्होल्टेज वरखाली होणाऱ्या भागात. निळ्या पडद्यावर दर वेळी वेगळाच एरर येत असेल तर रॅम पाहायची. वीज तोडून ती काढायची, तिच्या सोनेरी पट्ट्या साध्या खोडरबराने हलक्या हाताने पुसायच्या आणि ती पुन्हा घट्ट बसवायची. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचे जुने कारागीर सुरुवात इथूनच करतात, आणि पुष्कळदा तेवढ्यावरच काम भागतं. नाही भागलं तर मेमरी तपासण्याचं साधन विंडोजमध्येच आहे.

हार्ड डिस्कची गोष्ट जास्त गंभीर. डिस्क स्वतःच्या तब्येतीची ‘स्मार्ट’ नावाची नोंद ठेवत असते, आणि क्रिस्टलडिस्कइन्फो हा फुकट मिळणारा प्रोग्राम ती वाचून दाखवतो. त्यात डिस्क मरणपंथाला लागलेली दिसली, तर सगळं थांबवून आधी फायली बाहेर काढायच्या. अशा डिस्कवर फॉरमॅट मारणारा माणूस आपली शेवटची संधी घालवतो. तो कितीही ओळखीचा असला तरी त्याला तिथे थांबवा.

आणखी एक गोष्ट फार कमी घरांत माहीत असते. विंडोजमध्ये ‘रिलायबिलिटी हिस्टरी’ शोधा. कुठल्या तारखेला काय कोसळलं आणि त्याच्या आगेमागे काय इन्स्टॉल झालं, हे तिथे दिवसवार दिसतं. नव्या प्रिंटरचा ड्रायव्हर टाकल्याच्या दिवसापासून लाल फुल्या सुरू झाल्या असतील, तर तेवढा ड्रायव्हर काढून पाहायचा. ‘सिस्टिम रिस्टोर’ ही सोय तर ‘विंडोज मी’ या आवृत्तीपासून, म्हणजे २००० सालापासून आहे. ती सिस्टिम मागच्या तारखेला नेते आणि तुमच्या फोटो-पत्रांना हात लावत नाही. अनेक मशीनवर ती बंद असते. आजच चालू करून ठेवा.

१९ जुलै २०२४ रोजी जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळे पडदे दाखवून आडवे झाले. बँका अडल्या, रुग्णालयं अडली, आणि आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या अपडेटमधली एक सदोष फाइल त्याच्या मुळाशी होती. उपाय असा की सेफ मोडमध्ये जायचं, ती फाइल खोडायची आणि मशीन पुन्हा चालू करायचं. इतका मोठा गोंधळ एक फाइल खोडून निस्तरत असेल, तर तुमच्या घरच्या मशीनसाठी अर्धा तास तपासायला काय हरकत आहे?

दुकानदाराची बाजूही खरी आहे. निदानात त्याचा अर्धा दिवस जातो आणि ‘पार्ट तर काही बदलला नाही, मग पैसे कसले?’ म्हणून गिऱ्हाईक हुज्जत घालतं. फॉरमॅटचा दर ठरलेला असतो, वेळही ठरलेला असतो, म्हणून तो फॉरमॅट विकतो. निदानाचे पैसे आपण खुशीने दिले पाहिजेत. ते दिले की कारण विचारायला तोंड राहतं.

सगळं तपासून विंडोजच बिघडलेलं निघालं, व्हायरस मुरला असला किंवा मशीन विकायचं असलं, तर ते मूळ अवस्थेत न्यावंच. पण कंपनीच्या वाटेने. आता मशीनबरोबर सीडी येत नाही; डिस्कचा एक लपवलेला भाग त्यासाठी राखून ठेवलेला असतो. मशीन चालू होत असताना एचपीवर एफ ११, एसरवर ऑल्ट आणि एफ १०, असूसवर एफ ९ ही बटणं सहसा तिथे नेतात. अनेक लेनोवो लॅपटॉपवर नोव्हो नावाचं बारीक बटण असतं. विंडोज १० आणि ११ मध्ये तर ‘रीसेट धिस पीसी’ सेटिंग्जमध्येच आहे. ‘कीप माय फाइल्स’ निवडलं की तुमच्या फायली राहतात, बाहेरून टाकलेले प्रोग्राम जातात, आणि काय काय गेलं याची यादी डेस्कटॉपवर येते. ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ म्हणजे सगळं साफ. मशीन विकताना त्यातलाच ‘क्लीन डेटा’ हा पर्याय चालू करायचा, नाहीतर घेणारा जुन्या फायली खोदून काढू शकतो.

कितीतरी दुकानांत ही वाट धरलीच जात नाही. पेनड्राइव्ह लावून डिस्कचे सगळे भाग उडवले जातात, त्यात कंपनीचा राखीव भागही जातो, आणि वर क्रॅक केलेलं विंडोज चढतं. विंडोज ८ पासून पुढे कंपनीने विंडोजसकट विकलेल्या मशीनमध्ये परवान्याची किल्ली मदरबोर्डवरच्या चिपमध्येच साठवलेली असते. तीच आवृत्ती पुन्हा टाकली की मशीन ती किल्ली आपोआप ओळखतं. म्हणजे ज्याचे पैसे एकदा मोजलेत ते अस्सल विंडोज पुसलं जातं, आणि चोरीचं घेण्यासाठी आपण पुन्हा पैसे मोजतो. क्रॅकबरोबर आणखी काय घुसलं, ते कुणी पाहत नाही. याला मी फसवणूकच म्हणतो.

विंडोज ११ च्या नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं असेल, तर बहुधा डिस्कवर कुलूप बसलेलं असतं. फायली वाचवायला बिघडलेल्या मशीनमधली डिस्क काढून दुसरीकडे जोडली की ते ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. मशीन धड चालतंय तोवर ती कागदावर उतरवून घ्या.

मराठीत लिहिणाऱ्या घरांसाठी एक वेगळा धोका आहे आणि त्याबद्दल दुकानात कुणी बोलत नाही. युनिकोड रुळण्याआधी आपण श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव, सी-डॅकचा योगेश अशा फॉन्टांत लिहिलं. दिवाळी अंकांच्या संहिता, शाळांच्या प्रश्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, वडिलांनी लिहिलेली घराण्याची हकिगत, असं कितीतरी लिखाण त्यांत आहे. या फॉन्टांची रचना अशी की फाइलमध्ये साठतात रोमन अक्षरांचे संकेत, आणि त्यांना देवनागरी रूप देतो तो फॉन्ट. मशीन मूळ अवस्थेत गेलं की विंडोजच्या फोल्डरमधला तो फॉन्ट जातो. फाइल सुखरूप असते, पण उघडल्यावर एबीसीडीचा चिखल दिसतो. लोकांना वाटतं फाइल करप्ट झाली, आणि ते ती खोडून टाकतात. असं लिखाण कायमचं गेलं की मला खरोखर वाईट वाटतं, कारण ते वाचवणं अगदी सोपं आहे. रीसेट करण्याआधी सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमधलं फॉन्ट्स हे फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवा. फाइल जशी दिसते तशी तिची पीडीएफही काढा. युनिकोडमध्ये रूपांतर करणारे प्रोग्राम मिळतात, पण जोडाक्षरं आणि रफार नजरेखालून घालावेच लागतात.

शेवटी तारखेचा प्रश्न. कंपनीच्या राखीव भागातून मशीन मूळ अवस्थेत नेलं की ते विकलं गेलं त्या दिवशीची आवृत्ती परत येते. २०१२ च्या सुमाराच्या लॅपटॉपवर विंडोज ७ येईल, आणि त्याचे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबले. विंडोज ८.१ चे १० जानेवारी २०२३ ला. विंडोज १० चा नेहमीचा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीतला नवा प्रोसेसरही. जुनी मशीन तिथेच अडतात. असं मशीन मूळ अवस्थेत नेऊन त्यावर लगेच नेटबँकिंग सुरू करू नका. यंत्र धडधाकट असेल तर त्यावर लिनक्स मिंट टाकून घ्या. ते फुकट आहे, फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिस त्यात आधीच असतात, मराठी युनिकोडचा कीबोर्ड सेटिंगमधून जोडता येतो, आणि जपून ठेवलेले शिवाजी-कृतिदेव त्यातही चढवता येतात.