तबकडीवाले आप्पा

आप्पांना आकाशात काहीच साधं दिसत नाही. विमान दिसलं तर ते 'विमानासारखं', चांदणी दिसली तर ती 'हलत नसल्याचं सोंग करणारी'. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून ते संध्याकाळी कानटोपी घालून भाट्याच्या पुळणीवर बसतात आणि भेटेल त्याला मान वर करायला लावतात.

वेडाचं मूळ घरच्या कपाटात आहे: 'देव? छे! परग्रहावरील अंतराळवीर!'. या पुस्तकाचा लेखक डॅनिकेन याने 1968 साली पिरॅमिड परग्रहवाल्यांच्या खाती टाकले. आप्पांनी त्यात राजापूर तालुका जोडला.

बाकीचं सिनेमाने केलं. तरुणपणी म्हणे त्यांना भगवतीच्या किल्ल्यावर एक 'पाहुणा' दिसला होता. 'ई. टी.' आल्यावर त्या पाहुण्याची मान लांब झाली. 2003 साली 'कोई... मिल गया'मधला जादू आला नि पाहुणा निळा पडला. 'पीके'नंतर तो थेट माणसासारखाच होता, "म्हणून तर तेव्हा ओळखता आला नाही!" पावसाळ्यात तबकड्या का येत नाहीत, याचंही उत्तर तयार. "जादूला ऊन लागतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ते आहे कुठे? समजलास?"

एका रात्री क्षितिजावर पांढराफटक उजेड दिसला. आप्पा ताडकन उठले, "मदरशिप!" शेजारी जाळं विणत बसलेला मिरकरवाड्याचा खलाशी मान वर न करता म्हणाला, "एलईडी लावून मासे धरणारे हायत, काका. 2017 पासनं बंदी हाय, तरी येतात." आप्पांनी वहीत नोंद केली : 'स्थानिकांना गप्प बसवलं आहे.'

एप्रिल 2022 मध्ये आकाशातून जळते तुकडे गेले आणि चंद्रपूर जिल्ह्यात लाडबोरीला धातूचं भलंमोठं कडं पडलं. जाणकार म्हणाले, चिनी रॉकेट. आप्पांना दुःख वेगळंच. "तिथेही विदर्भाचा अनुशेष भरला. कोकणाला काय?"

इथवर मी हसून घेतो. भांडण होतं ते कातळशिल्पांवरून. बारसूच्या सड्यावर दोन वाघांच्या मधे उभा असलेला माणूस म्हणजे आप्पांच्या मते अंतराळवीर. देवाचे गोठणे इथे होकायंत्र भलतीच दिशा दाखवतं, म्हणजे खाली यान पुरलेलं. जांभ्यात लोह असतं, एवढं बोललो तर म्हणाले, "शाळेत तेवढंच सांगतात." मग मी त्यांना कशेळीला नेलं. तिथे कातळात प्रचंड हत्ती कोरलाय आणि त्याच्या अंगात मासे, प्राणी ठासून भरलेत. त्यातली पाकट दाखवून विचारलं, "परग्रहवाल्याला पाकटीची शेपटी इतकी नेमकी कशी जमली? हा इथलाच माणूस. पाकट ओढणारा, कापणारा, खाणारा." आप्पा बराच वेळ शेपटीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे ते इथे जेवूनही गेले!"

आपल्या आजोबा-पणजोबांना हे जमलं असेल, हे सोडून या मंडळींना सगळं पटतं. ही शिल्पं 2022 पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. बघायला जाल तेव्हा बाजूने बघा, रेषांवर पाय देऊ नका. आप्पा बरोबर असतील तर त्यांनाही आवरा. यान उतरल्याची खूण शोधत ते नेमके मधोमध जाऊन उभे राहतात.